विद्यापीठाचं वर्ष, गावाचं वर्ष

डिसेंबर-जानेवारीत जिल्हा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठरावीक छायाचित्र येतं. हातात टिकाव आणि घमेली घेतलेली मुलंमुली, मागे कापडी फलक, मधोमध सरपंच, प्राचार्य आणि हार घातलेले पाहुणे. खाली ओळ असते: अमुक महाविद्यालयाच्या विशेष श्रमसंस्कार शिबिराचं उद्घाटन. वाचणारा पान उलटतो. मात्र हे शिबिर त्या गावात, त्याच आठवड्यात, तेवढ्याच मुलांना घेऊन का भरलं, त्याचे पैसे कुठून आले आणि सातव्या दिवशी मुलं परतल्यावर त्या कामाचं काय होतं, हे समजून घ्यायचं तर विद्यापीठाचं अख्खं वर्ष उलगडून पाहावं लागतं. त्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ समोर ठेवू. त्याच्या तीन जिल्ह्यांत अतिपावसाचे, महापुराचे आणि कायम दुष्काळी असे तिन्ही प्रकारचे तालुके आहेत. त्यामुळे एकच सरकारी योजना तीन ठिकाणी कशी वेगवेगळी वागते ते इथे चांगलं दिसतं.

या विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. तेव्हा चीनशी युद्ध सुरू होतं. त्यानंतर तीनच दिवसांनी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. पहिले कुलगुरू इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार. शहराच्या पूर्वेला सागरमाळावर ८५३ एकरांचा उघडा माळ मिळाला आणि तिथे विद्यापीठ उभं राहिलं. सुरुवातीच्या कार्यक्षेत्रात सोलापूर जिल्हाही होता. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा उरले.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. ‘विद्यापीठाने गाव दत्तक घेतलं’ असं आपण म्हणतो, पण सागरमाळावरून उठून कोणी गावात जात नाही. गावात जातं ते संलग्न महाविद्यालय, आणि त्यातही एक प्राध्यापक, ज्यांच्याकडे वर्गांच्या जोडीला ‘कार्यक्रम अधिकारी’ ही जबाबदारी आलेली असते. विद्यापीठ मंजुरी देतं, अनुदान पोचवतं, परिपत्रकं काढतं आणि शेवटी अहवाल गोळा करतं. शिबिर चांगलं होणं न होणं बहुतेक वेळा त्या एका प्राध्यापकाच्या अंगमेहनतीवर आणि गावातल्या ओळखीपाळखीवर ठरतं. त्यांची बदली झाली किंवा जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की गावाशी असलेला धागाही पुष्कळदा तुटतो.

वर्ष सुरू होतं जूनच्या सुमारास, प्रवेशांपासून. विद्यापीठ शैक्षणिक दिनदर्शिका जाहीर करतं. त्यात सत्र कधी सुरू, दिवाळीची सुट्टी कधी, परीक्षा कधी, निकाल कधी हे ठरलेलं असतं. वर्षाला किमान १८० दिवस अध्यापन, म्हणजे एका सत्राला ९० दिवस, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक. प्रवेश लांबले की सत्र लांबतं, सत्र लांबलं की परीक्षा सरकते. बाकी सगळे उपक्रम, मग तो युवा महोत्सव असो, क्रीडास्पर्धा असोत की गावातलं शिबिर, या वेळापत्रकाच्या फटींत बसवावे लागतात. परीक्षा दहा दिवसांनी पुढे गेली तर शिबिर दहा दिवसांनी पुढे जातं. गावात तेव्हा काय चाललं आहे, हा प्रश्न या वेळापत्रकात कुठे येतच नाही. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ मला इथे दिसतं.

विद्यार्थ्यांनी समाजात जाऊन काम करावं ही कल्पना मात्र विद्यापीठाहून जुनी आहे. राधाकृष्णन यांच्याच अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेच ती मांडली होती. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. तिची शिफारस आज वाचली तर भुवया उंचावतील: शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रसेवा करावी, त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा आणि अंगमेहनत असावी. रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद आणि देशाचं अर्थमंत्रिपद सांभाळलेल्या माणसाच्या समितीची ही शिफारस खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींपायी बाजूला पडली. पुढे कोठारी आयोगाने सौम्य रूपात तीच गोष्ट सुचवली. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या खेपेला सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. बोलीत तिला सगळे ‘एनएसएस’च म्हणतात. कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक हे तिचं चिन्ह. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. पुढे १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी असल्याचं धोरण म्हणून मान्य केलं. ‘विस्तार’ हा शब्द तेव्हापासून विद्यापीठाच्या कागदांत रुळला.

योजनेचं गणित असं. साधारण शंभर स्वयंसेवकांचं एक एकक आणि त्याला एक कार्यक्रम अधिकारी. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं: त्यातले २० तास ओळख आणि प्रशिक्षणाचे, ३० परिसरातल्या कामाचे आणि ७० तास समाजातले. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर पूर्ण झालं की प्रमाणपत्र. शिबिराला मात्र सगळे जाऊ शकत नाहीत. एककातले निम्मे, म्हणजे पन्नास जण नेता येतात, कारण अनुदान तेवढ्यांचंच असतं.

पैशाचाही हिशेब पाहू. बरीच वर्षं नियमित कार्यक्रमासाठी वर्षाला माणशी २५० रुपये आणि शिबिरासाठी माणशी ४५० रुपये असा दर होता. पुढे तो वाढला, पण जुना दर डोळ्यांपुढे ठेवला की शिबिराची जात कळते. पन्नास जणांचे २२,५०० रुपये. सात दिवसांत भागले तर माणशी दिवसाला चौसष्ट रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा, येण्याजाण्याचं भाडं, फलक, औषधं आणि पाहुण्यांचं शाल-श्रीफळ. हे भागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून एक दिवसाचं जेवण सरपंच देतात, एक दिवसाचं विकास सोसायटी, एक दिवस एखाद्या तरुण मंडळाचं. भाकऱ्या घरोघरी वाटून घेतल्या जातात आणि संध्याकाळी पाट्या भरून शाळेत येतात. शिबिराचा खर्च असा अर्धाअधिक गावच उचलतं. अहवालात हा आकडा कुठेच येत नाही. तो यायला हवा, असं मला फार वाटतं. गावाने काय दिलं हे लिहिलं तर गावाला आपण काय दिलं हेही लिहावं लागेल.

गाव कसं ठरतं? कागदावर निकष बरेच असतात, व्यवहारात तीन प्रश्न विचारले जातात. पन्नास मुलं झोपतील अशी जागा आहे का? बहुतेक ठिकाणी शाळा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालय. पाणी आहे का? आणि मुलींसाठी दार लागणारी पुरेशी स्वच्छतागृहं आहेत का? आज शिबिरांत मुली मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर कितीतरी गावं बाद होतात. यातून एक विचित्र गोष्ट घडते. ज्या गावाला शिबिराची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेच राहायला गैरसोयीचं म्हणून वगळलं जातं. त्यावर उपाय आहे. मुक्काम शेजारच्या गावात ठेवून काम वाडीवर करायचं. काही कार्यक्रम अधिकारी तसं करतातही.

गाव ठरलं की ग्रामपंचायतीचं संमतिपत्र, प्राचार्यांची मंजुरी, विद्यापीठाकडे प्रस्ताव, पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणं, पालकांची लेखी परवानगी. महिनाभर आधी कार्यक्रम अधिकारी दोन-चार मुलांना घेऊन एकदा गावात जाऊन येतात. त्या भेटीत कामाची जागा पक्की झाली तर शिबिर निम्मं पार पडलं म्हणायचं. जागा नक्की नसेल तर पहिल्या दिवशी पन्नास मुलं हातात खराटे घेऊन आधीच स्वच्छ असलेलं देवळाचं आवार झाडताना दिसतात.

शिबिराचा दिवस पहाटे सुरू होतो. प्रार्थना, योगासनं किंवा कवायत, मग प्रभातफेरी. नाश्त्यानंतर आठच्या सुमारास श्रमदान. मुलांचे पाच-सहा गट असतात, त्यांना थोरामोठ्यांची किंवा नद्यांची नावं दिलेली असतात. रोज एक गट स्वयंपाकघर सांभाळतो. बाराच्या आसपास काम थांबतं, आंघोळी आणि जेवण होतं. दुपारी ‘बौद्धिक सत्र’, म्हणजे व्याख्यान: व्यसनमुक्ती, पाणी, कायदा, अंधश्रद्धा, बँकेचे व्यवहार. त्यानंतर गटचर्चा किंवा घरोघर पाहणी. रात्री गावकऱ्यांसाठी सांस्कृतिक कार्यक्रम, त्यात पथनाट्य, भारूड, पोवाडा. हा रात्रीचा भाग वरवर करमणुकीचा वाटतो, पण गाव खऱ्या अर्थाने शिबिरात येतं ते इथेच. दुपारच्या व्याख्यानाला समोर शिबिरार्थीच बसलेले असतात आणि मागे शाळेतली लहान मुलं. रात्री मात्र पारावर बायाबापड्या घोंगड्या पांघरून शेवटपर्यंत बसतात. हातात खराटा घेऊन दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढायचा, ही रीत गाडगेबाबांची. शिबिराच्या वेळापत्रकात ती आपोआप उतरली आहे.

दुपारी गाव का येत नाही, याचं उत्तर शिवारात आहे. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या बागायती पट्ट्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे उसाच्या गळीत हंगामाचा भर. तोड कधी मिळेल याची चिंता, ट्रॅक्टरची वाट, खोडव्याची मशागत, रात्रीच्या विजेवर पाणी पाजणं. या दिवसांत दुपारी तीन वाजता ‘ठिबक सिंचनाचे फायदे’ ऐकायला शेतकरी येणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र हाच आठवडा सोयीचा असतो. पहिल्या सत्राच्या परीक्षा उरकलेल्या असतात, दुसऱ्या सत्राने अजून वेग घेतलेला नसतो, आणि ३१ मार्चच्या आत हिशेब सादर करायला वेळ शिल्लक असतो.

पाण्याच्या कामात ही विसंगती आणखी बोचते. शिबिरात सर्वात लोकप्रिय काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्याच्या पात्रात विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवत रचायची, मधल्या फटी मातीने बुजवायच्या. खर्च जवळजवळ नाही, कौशल्य थोडं, आणि संध्याकाळपर्यंत मागे पाणी तुंबलेलं दिसतं. पण तो घालायची वेळ पाऊस सरल्यावर, ओढा अजून वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत जानेवारीत ओढ्यात धार उरलेलीच नसते. कोरड्या पात्रात पोती रचून काय अडवणार? ती पोती पुढच्या पावसाच्या पहिल्या लोंढ्यात वाहून जातात.

तिथे जानेवारीत करण्याजोगं काम वेगळं आहे: सलग समतल चर. डोंगरउतारावर एकाच पातळीची रेषा आखायची, त्या रेषेवर चर खणायचा आणि निघालेली माती उताराच्या बाजूला लावायची. आखणीला तीन काठ्यांचा इंग्रजी ‘ए’ आकाराचा सांगाडा आणि त्याला टांगलेला ओळंबा पुरतो. या कामाला वाहतं पाणी लागत नाही, उलट कोरडी जमीन लागते, आणि खणलेला चर पुढच्या जूनपर्यंत पावसाची वाट पाहत थांबू शकतो. गावात सांडपाणी रस्त्यावर वाहत असेल तर शोषखड्डे घेता येतात. साधारण मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा, तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर भोक पाडलेलं मडकं. पन्नास मुलं सात दिवसांत एका आळीचं काम सहज संपवतात, आणि पुढे ते बरोबर चालतंय की नाही हे घरमालकालाच कळतं.

शिरोळकडे चित्र आणखी निराळं. तिथे पाणी कमी नाही, पाण्याने जमीन क्षारपड झाली आहे. तिथे चर खणून काय होणार? तिथे हवेत मातीचे नमुने घेणारे रसायनशास्त्राचे विद्यार्थी, आणि ते तपासून शेतकऱ्याच्या हातात निकाल देणारी प्रयोगशाळा. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे पाऊस मुबलक, पण डोंगरावरचं पाणी मार्चनंतर टिकत नाही. तिकडे झऱ्यांची नोंद, त्यांच्या वरच्या अंगाचं रान राखणं, हे भूगोलाच्या विभागाचं काम. मला म्हणायचं आहे ते एवढंच: टिकाव-घमेलं कोणीही चालवू शकतं, जेसीबी तर एका दिवसात पन्नास मुलांचं आठवड्याचं काम करतो. महाविद्यालयाकडे जे आहे आणि गावाकडे नाही, ते म्हणजे मोजणं, तपासणं, नोंद ठेवणं. विस्तारकार्यात नेमकं तेच मागे पडतं.

घरोघर पाहणीचं उदाहरण घ्या. जवळजवळ प्रत्येक शिबिरात मुलं प्रश्नावली घेऊन घरं फिरतात: कुटुंबात किती माणसं, शिक्षण, जमीन, शौचालय, गॅस, कर्ज, आजार. तीनशे घरांची इतकी ताजी माहिती तालुक्याच्या कचेरीतही नसते. ती महाविद्यालयाच्या कपाटात जाते आणि तिथेच राहते. गावाने ती पुन्हा कधी पाहिलेली नसते. वास्तविक तिचं काय करायचं याचा रस्ता तयार आहे. गावाचा वार्षिक विकास आराखडा बनवण्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. शिबिर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर पाहणीचे तक्ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्या कागदांवर लावून वाचता येतात. त्याआधी शिवारफेरी काढून शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला, त्यावर विहिरी, ओढे, कोरडे हातपंप दाखवले, तर लोक स्वतःहून चुका दुरुस्त करायला वाकतात. विद्यापीठाचं वर्ष आणि गावाचं वर्ष एकमेकांना भेटतील अशी वर्षातली ही जवळजवळ एकमेव जागा आहे.

युवा महोत्सव, वर्धापनदिन वगैरे टप्पे यापुढे थोडक्यात सांगता येतात. शिवाजी विद्यापीठाचे युवा महोत्सव आधी तिन्ही जिल्ह्यांचे वेगवेगळे होतात, मग मध्यवर्ती महोत्सव. तिथून निवडलेला संघ राज्याच्या आंतरविद्यापीठ ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाला जातो. खेळांसाठी तसाच ‘अश्वमेध’, संशोधनासाठी ‘आविष्कार’. २४ सप्टेंबरला एनएसएस दिन, १२ जानेवारीला विवेकानंद जयंतीपासून युवा सप्ताह. १८ नोव्हेंबरच्या वर्धापनदिनी ध्वजारोहण आणि गौरव. हे सगळे दिनदर्शिकेतले दिवस आहेत, ते पार पडतात.

दिनदर्शिकेत नसलेला टप्पा ऑगस्ट २०१९ मध्ये आला. पंचगंगेच्या महापुरात शहर आणि जिल्हा अडकला. शहराला पाणी पुरवणारी बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. सागरमाळ उंचावर आहे. त्या माळावर विद्यापीठाने वर्षानुवर्षं पावसाचं पाणी तळ्यांत आणि विहिरींत साठवून स्वतःची गरज स्वतः भागवायची सोय केलेली होती. तेच साठवलेलं पाणी त्या दिवसांत शहरातल्या लोकांना दिलं गेलं. विद्यापीठाने ही तळी काही समाजकार्य म्हणून बांधली नव्हती. आपल्या वसतिगृहांना, बागेला, प्रयोगशाळांना पाणी हवं म्हणून बांधली होती. घरचं नीट केलेलं होतं म्हणून शेजाऱ्याला देता आलं. पूर ओसरल्यावर चिखल उपसायला, घरं धुवायला, मदत वाटायला मुलं गेली, तेव्हा मुहूर्त, फलक, उद्घाटन यांपैकी काहीच नव्हतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अशा प्रसंगांसाठी राज्यात ‘आव्हान’ नावाचं आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर घेतलं जातं. त्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान विद्यापीठांतून आलेल्या स्वयंसेवकांना दोर बांधणं, तराफा करणं, जखमीला उचलणं शिकवतात. नदीकाठच्या प्रत्येक महाविद्यालयात असं शिकलेली दहा-वीस मुलं असणं ही चैन नाही.

हिवाळा सरत आला की दीक्षान्त समारंभाचे वेध लागतात. बाहेरून तो दोन तासांचा कार्यक्रम दिसतो, आतून काही महिन्यांचा. निकाल लागल्यावर विद्यार्थी पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करतात. परीक्षा विभाग नाव, मातृनाव, छायाचित्र, श्रेणी तपासतो. एका वेलांटीची चूक पुढे पारपत्राच्या कचेरीत अडकते, म्हणून ही तपासणी दोनदा-तीनदा होते. मग छपाई, सह्या, महाविद्यालयवार गठ्ठे. समारंभाची तारीख प्रमुख पाहुणे आणि कुलपती, म्हणजे राज्यपाल, यांच्या सोयीने ठरते. त्या दिवशी मिरवणुकीत पुढे विद्यापीठाचा दंड, मागे विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिष्ठाते, कुलगुरू. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्याशाखा चार आहेत. प्रत्येकीचे अधिष्ठाते आपल्या स्नातकांना सादर करतात आणि पदवी प्रदान केल्याचं घोषित होतं. राष्ट्रपती सुवर्णपदक आणि कुलपती सुवर्णपदक कुणाला, याकडे तिन्ही जिल्ह्यांचं लक्ष असतं. पदक मिळवणारी मुलगी एखाद्या वाडीतली असली तर तिच्या गावात कमान उभी राहते.

या समारंभाला कोल्हापुरात जोडलेली ग्रंथदिंडी मला सगळ्यात आवडते. पालखीत ग्रंथ, टाळ-मृदंग, लेझीम, आणि शहरातून विद्यापीठापर्यंत चालत जाणारे विद्यार्थी-प्राध्यापक. सोबत ग्रंथमहोत्सव भरतो. पदवी ज्यांना मिळाली नाही, कधी मिळणारही नाही, असे लोकही त्या निमित्ताने विद्यापीठाच्या फाटकातून आत येतात, पुस्तकं चाळतात, नातवाला घेऊन अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्यासमोर छायाचित्र काढतात.

मार्चमध्ये अधिसभा अर्थसंकल्पासाठी बसते. वर्षभराचा अहवालही तिच्यापुढे येतो. तोवर प्रत्येक महाविद्यालयाकडून माहिती मागवलेली असते: किती शिबिरं, किती झाडं, किती रक्तपिशव्या, किती लाभार्थी. यामागे आणखी एक दट्ट्या आहे. बंगळुरूची ‘नॅक’ ही मूल्यांकन संस्था सात निकषांवर गुण देते. त्यातला तिसरा निकष संशोधन आणि विस्तारकार्याचा. दरवर्षी तिच्याकडे गुणवत्ता अहवाल पाठवावा लागतो, पुराव्यांसह. पुरावा म्हणजे छायाचित्र, हजेरीपत्रक, बातमीचं कात्रण. सुरुवातीला सांगितलेलं ते छायाचित्र म्हणूनच निघतं, आणि म्हणूनच त्यात फलक नीट दिसेल असा उभा असतो. कार्यक्रम अधिकाऱ्याला यासाठी नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्याची मोजणी होते तेच काम माणूस करतो. ‘लावलेली झाडं’ विचारली तर झाडं लावली जातात. ‘तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी जगलेली’ असं विचारलं तर कोणी तरी पाणी घालायला जाईल. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. हा प्रश्न विचारणं त्यांच्या हातात आहे. आणि त्यांना निवडून देणारे मतदार तुमच्याआमच्यातलेच असतात, नाव नोंदवण्याचे कष्ट घेतले तर.

नव्या शैक्षणिक धोरणाने या यंत्रात एक चाक वाढवलं आहे. २०२३ पासून राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आले. पूर्वी गावात जाणारी मुलं हौशीने जायची. आता जवळजवळ प्रत्येकाला काही तास बाहेर जाऊन काम दाखवावं लागणार. याने चांगलं होईल की गावोगाव प्रश्नावल्यांचा पूर येईल, हे महाविद्यालयं कसं वाटप करतात यावर अवलंबून आहे. एकाच गावात तीन वर्षं ओळीने गेलेल्या तीन तुकड्यांनी एकाच विहिरीची पातळी दर महिन्याला मोजली तरी ती नोंद भूजल खात्यालाही उपयोगी पडेल.

आता बाजू बदलून पाहू. समजा तुम्ही सरपंच आहात, ग्रामसेवक आहात, किंवा गावातल्या मंडळात आहात आणि शिबिर आपल्याकडे यावं असं वाटतं. महाविद्यालयाकडे डिसेंबरात गेलात तर उशीर झाला. पत्र जुलै-ऑगस्टमध्ये द्यावं, एककाची नोंदणी आणि वर्षाचं नियोजन तेव्हा चालू असतं. पत्र प्राचार्यांच्या नावे, प्रत कार्यक्रम अधिकाऱ्यांना, आणि सोबत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव जोडावा. ‘गावाचा विकास व्हावा’ असं मोघम न लिहिता काम लिहावं: अमुक गटातल्या गायरानावर चर, अमुक आळीत शोषखड्डे, शंभर माती नमुने. वनराई बंधारा हवा असेल तर शिबिर दिवाळीच्या सुट्टीत घ्या, असं स्पष्ट मागावं. कुणी मागितलंच नाही तर ते सुचणार नाही. मुक्कामाची जागा आणि मुलींच्या स्वच्छतागृहांची संख्या पत्रातच सांगावी. आणि शेवटची अट घालावी, की पाहणीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची आणि पुढच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनीच ती वाचून दाखवायची. बहुतेक कार्यक्रम अधिकारी ही अट आनंदाने मान्य करतील. इतकी वर्षं त्यांच्याकडे असं कुणी काही मागितलेलंच नसतं.